ओढा कुणाच्या बापाचा?

(युवक अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



मला इथं बोलावताना पोरं म्हणाली, पर्यावरणावर बोला. खरं सांगतो, ह्या शब्दाचा मला धसका आहे. पर्यावरण म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं येतात सकाळी टेकडीवर बूट घालून फिरायला जाणारे लोक. पक्षी दिसला की दुर्बीण डोळ्याला लावतात आणि वस्ती दिसली की रुमाल नाकाला. त्यांच्या पर्यावरणात झाडं आहेत, फुलपाखरं आहेत, आपण नाही. आपण असलोच तर 'अतिक्रमण' ह्या सदराखाली. तेव्हा मी त्या पर्यावरणावर बोलणार नाही. मी एका फाईलीवर बोलणार आहे. खाजगी जमिनीतून ओढा वाहतो, त्या जमिनीवर मालकाला टॉवर उठवायचाय, आणि त्यासाठी परवानग्या पाहिजेत. ह्या परवानग्या कशा मिळतात, कोण देतो, कुठल्या टेबलावर ओढा हळूहळू बारीक होत जातो आणि कुठल्या टेबलावर मरतो, हे मी डोळ्यानं पाहिलंय. नुसतं पाहिलं नाही, माझ्या हातानं केलंय.

मी पंडित नाही. आयटीआय केलेला ड्राफ्ट्समन. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं रेघा मारल्या, मग कॉम्प्युटर आला तसा माऊस धरला. ज्या ऑफिसात होतो त्याचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका ऑफिसाचा नाही. माझा जन्म ओढ्याकाठच्या वस्तीतला. पगार मात्र ओढे पुसण्याचा.

एक दिवस एक मोठा प्लॉट आला. मधोमध ओढा. पात्र दहाएक मीटर रुंद, दोन मीटर खोल. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा, पोरं त्यात क्रिकेट खेळायची. साहेब म्हणाले, 'हा कडेला घे, कंपाउंडच्या बाजूनं पाईप दाखव, तीन मीटर व्यासाचा.' मी दाखवला. मूळ ओढ्याचा लेअर कॉम्प्युटरवर एका क्लिकमध्ये बंद केला. प्लॉट कसा स्वच्छ मोकळा दिसायला लागला! त्या मोकळ्या जागेत दोन बिल्डिंगा बसल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

आता तुम्ही हिशेब करा. दहा गुणिले दोन, वीस चौरस मीटरचं तोंड होतं पाण्याला. तीन मीटरच्या पाईपाचं तोंड किती? सात चौरस मीटर. वीसाचं सात केलं. आणि वरच्या अंगाला काय झालं? माती होती तिथं काँक्रीट आलं. एका हेक्टरवर तासाभरात शंभर मिलीमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होतं. मातीत त्यातलं बरंचसं मुरतं, काँक्रीटवरून जवळजवळ सगळं धावतं. म्हणजे पाणी वाढवलं आणि वाट तिसरा हिस्सा ठेवली. आठवीतल्या पोराला कळेल असं गणित. ते माझ्या साहेबांना कळत नव्हतं? कळत होतं. पण पाईपाच्या दुसऱ्या तोंडाला कोण राहतं हेही त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या तोंडाला माझी आत्या राहात होती.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरातल्या एका रात्री पाणी आलं. आत्या पोटमाळ्यावर चढली म्हणून वाचली. शिवणयंत्र गेलं, दाणापाणी गेलं, पत्र्याच्या पेटीतले कागद गेले: रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलीची मार्कलिस्ट. सकाळी पंचनामा करायला माणूस आला. त्यानं लिहिलं, 'घर नाल्याच्या पात्रात आहे.' आत्या मला म्हणाली, 'बाळा, तू नकाशे काढतोस ना? मग ह्याला सांग की रे, मी चाळीस वर्षं हितंच हाय. मी पात्रात गेले नाही, पात्रच माझ्याकडं आलं.' मी काय सांगणार? तो नकाशा माझाच होता. ज्यानं ओढा पाईपात कोंबला त्याच्याकडं परवानगी, आणि जिच्या घरात ओढा घुसला ती अतिक्रमणवाली. त्या दिवशी मी ठरवलं की ही फाईल आपल्या पोरांना उघडून दाखवायची.

पहिला प्रश्न. जमीन खाजगी म्हणजे ओढाही खाजगी का?

मालक छाती काढून म्हणतो, सातबारा माझा, तुम्ही कोण विचारणार? त्याला कायदाच दाखवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम २०. नद्या, ओढे, नाले, तळी यांची पात्रं आणि वाहतं-साठलेलं पाणी, ज्याच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क शाबीत नाही ते सगळं, राज्याच्या मालकीचं. दुसरं, सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नावाचा रकाना असतो. त्यात वर्ग अ आणि वर्ग ब. बहुतेक लोक तिकडं बघतही नाहीत. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामाची जागा: रस्ता, पायवाट, स्मशान, आणि धारकाशिवाय दुसरे लोक ज्याचं पाणी शेतीला, प्यायला, घरकामाला वापरतात असा ओढा किंवा तळं. म्हणजे खाजगी सातबाऱ्याच्या पोटातसुद्धा लोकांचा हक्क लिहिलेला असतो. फक्त तो वाचायला आपल्यातलं कुणी गेलं पाहिजे.

आणि कोरडा ओढा हा ओढा नाही, असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढं १९७४ चा जलप्रदूषण कायदा ठेवा. त्यातल्या व्याख्येत प्रवाह म्हणजे नदी तर आहेच, शिवाय वाहता असो की तूर्त कोरडा असो, जलमार्गही आहे. पोरांनी क्रिकेट खेळल्यानं ओढ्याचं मैदान होत नाही.

हा 'खाजगी'चा डाव आपल्याला नवा नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनंही तसा ठराव केला. कागदावर सगळं झकास. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्या ठरावाचा खरा अर्थ महाडमध्ये कळला, लाठ्याकाठ्यांनी. पण पुढचं लक्षात ठेवा. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले. काय म्हणाले? हे तळं स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचं आहे! मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेब ती केस दहा वर्षं लढले आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात जिंकले. आपण वीस मार्च साजरा करतो, सतरा मार्च विसरतो. ओंजळभर पाण्याची लढाई जितकी त्या तळ्याच्या पायऱ्यांवर झाली तितकीच कागदावर झाली. हे मी का सांगतो? कारण आपल्या पोरांना मोर्चा आवडतो, कागद आवडत नाही. आणि शत्रूचं सगळं राज्य कागदावर आहे.

आता फाईल उघडू.

पहिलं टेबल बांधकाम परवानगीचं. महापालिका असो, नगरपालिका असो, प्राधिकरण असो. नियमावलीत लिहिलेलं असतं की नाल्याच्या काठापासून अमुक मीटर, नदीपासून तमुक मीटर जागा सोडा. पण त्यातच एक बारीक दार ठेवलेलं असतं. सखल जमिनीतून जाणारा लहान प्रवाह, ज्याला ठळक काठ नाही, तो प्राधिकरण सांगेल त्या रेषेत आणि त्या मापात वळवायची मुभा. बघा गंमत. आधी जेसीबी लावून काठ बुजवायचा, मग अर्ज करायचा की साहेब, ह्याला काठच नाही. ह्या एका वाक्यातून किती ओढे गेले असतील!

दुसरं टेबल पूररेषेचं. पाटबंधारे खातं, ज्याला आता जलसंपदा म्हणतात, ते निळी रेषा आणि लाल रेषा काढतं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, दोघींच्या मधे अटी घालून. नद्यांना ह्या रेषा असतात. तुमच्या-माझ्या वस्तीतल्या ओढ्याला रेषा आखलीय का, हे विचारून बघा. ज्याची रेषाच आखली नाही, त्याची रेषा ओलांडली असं कोण म्हणणार?

तिसरं टेबल पर्यावरण मंजुरीचं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आहे. बांधकामाचं क्षेत्र वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त झालं की सुरुवात करण्याआधी मंजुरी घ्यायची. राज्यात त्यासाठी तज्ज्ञांची समिती असते, ती छाननी करते, आणि राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण मंजुरी देतं. आता इथले तीन डाव समजून घ्या.

डाव पहिला. वीस हजाराच्या खाली राहा. एकाच प्लॉटचे तुकडे पाडून भावाच्या नावानं एक, मेव्हण्याच्या नावानं दुसरा. ओढा मात्र दोन्हीतून एकच वाहतो, त्याला भाऊ-मेव्हणा कळत नाही.

डाव दुसरा. धरण, खाण, कारखाना असेल तर जनसुनावणी असते. लोक जमतात, ओरडतात, निदान नोंद तरी होते. इमारतींच्या प्रकल्पांना ह्या अधिसूचनेनं जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. म्हणजे ज्याच्या दारातून पाणी जाणार त्याला कुणी विचारणारच नाही. कायद्यानंच तुमचं तोंड बंद ठेवलंय. हे बदलून घेणं ही आपली एक मागणी असली पाहिजे.

डाव तिसरा, आणि हा नीट ऐका, कारण ह्यातच आपल्याला पकडायला शेपटी सापडते. अर्जाबरोबर फॉर्म एक भरायचा असतो. त्यात प्रश्न आहे: ह्या प्रकल्पात पाण्याचा प्रवाह अडवणं, नळीत घालणं, वळवणं किंवा त्याच्या वाहण्यात काही बदल करणं आहे काय? होय की नाही? पुढं तपशील द्या. आमच्या फाईलीत त्या प्रश्नापुढं लिहिलं होतं 'नाही'. माझ्या कॉम्प्युटरात ओढा नव्हताच ना! पण त्याच अधिसूचनेत असंही आहे की मुद्दाम माहिती लपवली किंवा खोटी दिली आणि ती निर्णयाच्या दृष्टीनं महत्त्वाची असली, तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द करता येते. एका बाजूला तो 'नाही', दुसऱ्या बाजूला सरकारनंच काढलेला गावनकाशा. दोन्ही एकाच टेबलावर ठेवले की साहेबाला घाम फुटतो.

चौथं टेबल प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. बांधायला संमती, वापरायला संमती. मैला कुठं सोडणार, प्रक्रिया करणार का. कागदावर सगळ्यांचा प्लांट चालू असतो. रात्री ओढ्याजवळ उभे राहा, नाकाला कळेल.

मग पाणी येतं तेव्हा काय होतं? २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस. मिठी नदीचं पात्र भराव टाकून टाकून आवळलेलं, तिच्यावर विमानतळाची धावपट्टी, तिच्या मुखाशी आलिशान कॉम्प्लेक्स. आणि बोंब कुणाच्या नावानं? झोपडपट्टीच्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात कात्रजच्या डोंगराकडून आंबिल ओढा उतरला, अरण्येश्वरकडं टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या रात्रीनं पुण्यात आणि आसपास वीसहून जास्त जीव घेतले. त्यानंतर ओढा सरळ करायच्या, रुंद करायच्या गोष्टी सुरू झाल्या. आणि २४ जून २०२१ ला, कोरोनाच्या काळात, भर पावसाळ्यात, पोलीस बंदोबस्तात बुलडोझर कुठं गेला? दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत. बायका आडव्या झाल्या, कोर्टातून स्थगिती आली तेव्हा थांबला. वरच्या अंगाला ओढा ज्यांनी आवळला त्यांच्या कंपाउंडपर्यंत बुलडोझरचं डिझेल पुरत नाही काय?

आता थोडं कडू बोलतो, आपल्याबद्दल.

आपली घरं ओढ्याकाठी आहेत हे खोटं नाही. काही निळ्या रेषेच्या आत आहेत. गावात आपल्याला खालच्या अंगाची जागा दिली, शहरात आल्यावरही खालचीच मिळाली. हौसेनं कुणी नाल्याच्या वासात संसार मांडत नाही. पण म्हणून 'आमच्या घराला हात लावू नका, ओढा गेला खड्ड्यात' ही आपली भूमिका होऊ शकत नाही. पाणी आलं की ते आपल्यालाच आधी बुडवतं. आपली भूमिका अशी पाहिजे: ओढा मोकळा करा, पण वरून खाली करा. आधी ज्यांनी नफ्यासाठी वळवला, त्यांचा भराव काढा. आणि आमची घरं हलवायचीच असतील तर आधी त्याच भागात पक्कं घर, किल्ली हातात, मग जुनं घर सोडू. आपल्यातला कुणी चार पैसे जमवून ओढ्याला लागून स्वतःच्या गुंठ्यावर खोली चढवत असेल, तर त्यालाही सांगायचं की बाबा, अंतर सोड. खालच्या वस्तीत आपलाच माणूस झोपलाय.

आणि दुसरं कडू. तक्रार टाकायची, बिल्डरला भेटायचं, पाकीट घ्यायचं, तक्रार मागं घ्यायची, हा धंदा आपल्या नावावर चालू आहे. निळा झेंडा गाडीला लावून चालू आहे. ह्या दलालांमुळं खरी तक्रार घेऊन गेलेल्या पोराला साहेब डोळा मारून विचारतो, 'किती?' जो अशी तक्रार विकतो तो फक्त कागद विकत नाही, माझ्या आत्याचं घर विकतो. अशांना शिबिरातूनच नव्हे, वस्तीतून उठवलं पाहिजे.

तर करायचं काय? पाच कामं सांगतो. लिहून घ्या.

एक. आपल्या वस्तीतून जाणारा ओढा उगमापर्यंत चाला. रविवारी दहा पोरं, एक वही, एक मोजपट्टी. दर दोनशे पावलांवर रुंदी मोजा, फोटो काढा, तारीख टाका. म्हाताऱ्यांना विचारा, पूर्वी पाणी कुठवर यायचं.

दोन. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि गटनकाशा काढा. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा बघा, त्यात पाण्याचे प्रवाह निळ्या रेघेत आणि कोरडे काळ्या रेघेत असतात. सातबाऱ्यावर पोटखराबा वाचा. कागदावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी शेजारी शेजारी मांडा.

तीन. माहितीचा अधिकार, २००५. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. मंजूर नकाशा मागा, नाला वळवायची परवानगी कुणी दिली तो आदेश मागा, फॉर्म एक मागा. मंजुरी मिळालेल्यानं दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. तो मागा. केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर पुष्कळ कागद बसल्या जागी मिळतात. मोबाईलवर रील बघता ना? तेवढाच वेळ तिकडं द्या.

चार. तारखा पाळा. मंजुरी मिळाली की मालकानं वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते, स्थानिक संस्थेनं ती मंजुरी तीस दिवस लावून ठेवायची असते. तिथून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडं अपील करायला तीस दिवस. सबळ कारण दिलं तर आणखी साठ. नव्वद दिवस उलटले की देव आला तरी दार उघडत नाही. मंजुरीवरचं अपील सोडून दुसरा वाद असेल तर सहा महिने. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. नुकसानभरपाई मागितली नाही तर फी हजार रुपये. हजार रुपये म्हणजे जयंतीच्या डीजेच्या एका तासाचेही नाहीत.

पाच. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवतात, तेव्हा आपण झोपलेले असतो. ते चालणार नाही. बंगलोरचं उदाहरण घ्या. हरित न्यायाधिकरणानं २०१६ साली तिथल्या तलावांभोवती, राजकालुव्यांभोवती जास्तीचं अंतर सोडायला लावलं. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, कारण आराखड्यात अंतर वेगळं ठरलेलं होतं. धडा काय? अंतर आराखड्यातच लिहून घ्यावं लागतं. नंतर रडून उपयोग नाही.

कोर्टाकडून काहीच मिळत नाही असंही नाही. हिमाचलमध्ये एका मोटेलनं स्वतःची जागा वाचवायला ब्यास नदीचा प्रवाहच वळवला होता. राजकारणातल्या बड्या घराण्याचा संबंध होता. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नदी, किनारा, हवा ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, ती खाजगी माणसाला बहाल करता येत नाही. भाडेपट्टा रद्द झाला. नदीसाठी हे म्हणता येतं तर आपल्या ओढ्यासाठी का नाही?

मी नोकरी सोडली नाही लगेच. खोटं कशाला बोलू, घर चालवायचं होतं. पण त्यानंतर कुठल्याही नकाशावर ओढ्याचा लेअर बंद करायला सांगितला की मी विचारायचो, 'साहेब, लेखी द्या.' लेखी कुणी दिलं नाही. दोनदा ओढा वाचला, तिसऱ्यांदा मी गेलो. आता हा हात तुमच्यासाठी मोकळा आहे. ज्या वस्तीला नकाशा वाचून पाहिजे, तिथं मी येईन. चहा पाजा, बस्स.

पुढच्या रविवारी सकाळी सातला आपण आत्याच्या घरापासून चालायला सुरुवात करू, पाईपाच्या तोंडापर्यंत आणि तिथून वर. मोजपट्टी मी आणतो. वही तुम्ही आणा.

जय भीम.